एडीएचडीची गोळी घेतल्यावर माणूस गप्प का होतो? ऑटिझमही सोबत असेल तर समजून घ्यायच्या गोष्टी

"गोळी सुरू झाल्यापासून अभ्यासाला बसतो, पण घरात कुणाशी धड बोलत नाही. आमचा बडबड्या मुलगा कुठे गेला?" असं एक आई विचारते. तिशी उलटल्यावर निदान झालेली एखादी बाई मात्र सांगते, "समोरचा माणूस सुरुवातीपासून शेवटपर्यंत काय म्हणाला, हे मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं." औषध एकच. निदानंही तीच दोन: एडीएचडी आणि त्याच्या जोडीला ऑटिझम. तरी एकाला माणसं दुरावल्यासारखी वाटतात आणि दुसऱ्याला जवळ आल्यासारखी.

दोन्ही अनुभव खरे आहेत. ते एकाच औषधातून कसे येतात, हे डॉक्टरांच्या घाईच्या भेटीत सहसा उलगडत नाही. म्हणून मुळापासून सुरुवात करू.

दोन निदानं, एक माणूस

एडीएचडी असलेल्या माणसाकडे लक्ष नसतं, हा गैरसमज आहे. लक्ष असतं, पण हवं तिथे आणि हवा तितका वेळ ते टिकवता येत नाही. सोबत अस्वस्थ हालचाल असते, आणि मनात आलेलं तत्क्षणी बोलून किंवा करून टाकण्याची ओढ असते.

ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, ही वेगळी घडण आहे. इतरांना आपसूक उमगणारे न बोललेले संकेत इथे आपसूक उमगत नाहीत. ठरलेल्या क्रमाची गरज असते, आवडीच्या विषयात खोलवर रमणं असतं. आवाज, उजेड, स्पर्श यांची जाणीव एकतर फार तीव्र असते किंवा फार बोथट.

दोन्ही एकाच माणसात असणं मुळीच दुर्मीळ नाही. 2019 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या एका मोठ्या विश्लेषणात, ऑटिझम असलेल्या दर 100 जणांत सुमारे 28 जणांना एडीएचडीचंही निदान असल्याचं आढळलं. तरीही अमेरिकेच्या मनोविकार निदानपुस्तिकेच्या 1994 च्या आवृत्तीनुसार ही दोन निदानं एकत्र देता येत नव्हती. ऑटिझम म्हटलं की एडीएचडी बाद. 2013 च्या पाचव्या आवृत्तीत ही अट काढली गेली. आज प्रौढ असलेल्या कित्येकांना लहानपणी एकच निदान का मिळालं, किंवा एकही का मिळालं नाही, याचं एक मोठं कारण हे आहे. दोन्ही असलेल्यांवर औषधांचा अभ्यास तुलनेने कमी झाला, त्यामागेही हेच आहे.

गोळी काय करते?

एडीएचडीवर सर्वांत जास्त वापरली जाणारी औषधं उत्तेजक गटातली आहेत. त्यांतलं मेथिलफेनिडेट 1944 मध्ये पहिल्यांदा तयार झालं. ॲम्फेटामिन गटातली औषधं त्याहून जुनी. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी जी रसायनं सोडतात, त्यांतली दोन इथे महत्त्वाची: डोपामिन आणि नॉरएपिनेफ्रिन. एरवी ही रसायनं काम झालं की लगेच पेशीत परत शोषली जातात. मेथिलफेनिडेट हे शोषण अडवतं, त्यामुळे ती पेशींमधल्या फटीत जास्त वेळ राहतात. ॲम्फेटामिन त्यापुढे जाऊन ती जास्त प्रमाणात बाहेरही सोडायला लावतं.

याचा परिणाम मुख्यतः कपाळामागच्या भागाच्या कामावर दिसतो. लक्ष धरून ठेवणं, मनातलं थोडा वेळ मनातच ठेवणं, तोंडाशी आलेला शब्द आवरणं, ही त्या भागाची कामं. पण एक मेख आहे. या भागाला ही रसायनं कमी पडली तर काम बिघडतं, आणि जास्त झाली तरीही बिघडतं. मधला पट्टाच कामाचा. हा मुद्दा पुढे पुन्हा लागणार आहे.

डोपामिनचं आणखी एक काम आहे: 'हे महत्त्वाचं आहे, इकडे बघ' अशी खूण करणं. 2004 मधल्या एका प्रयोगात निरोगी माणसांना मेथिलफेनिडेट देऊन गणितं सोडवायला दिली, तेव्हा ती गणितं त्यांना जास्त रंजक वाटली. थोडक्यात, समोर जे असेल त्याचं आकर्षण गोळी वाढवते. समोर काय आहे, ते मात्र गोळी ठरवत नाही.

एका गप्पांच्या बैठकीत काय काय चालतं

जेवणाच्या टेबलाशी पाच जण बसलेत. एक जण नोकरी सोडल्याचं सांगतोय. दुसरी मध्येच एक शेरा मारते, त्यावर दोघं हसतात. कुणाच्या तरी हातून चमचा खाली पडतो. पलीकडे टीव्ही चालू आहे.

दोन्ही निदानं असलेल्या माणसाचं लक्ष चमच्याच्या आवाजासरशी तिकडे जातं. परत येईपर्यंत नोकरीचं कारण सांगून झालेलं असतं. मग त्याला काहीतरी सुचतं. आत्ता बोललं नाही तर विसरणार हे त्याला अनुभवाने ठाऊक असतं, म्हणून तो दुसऱ्याचं वाक्य तोडून बोलतो. हा भाग एडीएचडीचा. त्याच वेळी तो कोड्यात पडलेला असतो, की मघाचा शेरा टोमणा होता की दिलासा? आता मी सहानुभूती दाखवायची की हसायचं? टीव्हीचा आवाज आणि माणसांचा आवाज त्याच्या कानात एकाच पातळीवर आदळत असतो. हा भाग ऑटिझमचा.

गोळी मुख्यतः पहिल्या भागावर काम करते. चमचा पडला तरी वाक्य हातचं सुटत नाही. सुचलेलं बोलायला दोन मिनिटं थांबता येतं. शेरा टोमणा होता की दिलासा, हे मात्र गोळी सांगत नाही.

तरीसुद्धा पहिल्या भागातला फायदा छोटा समजू नका. नाती बिघडतात ती दरवेळी संकेत चुकीचे वाचल्यामुळे नाही. मैत्रिणीच्या बहिणीचं ऑपरेशन होतं आणि विचारायचं राहून गेलं. निरोपाला उत्तर द्यायचं डोक्यात होतं, पण तीन आठवडे गेले. भेटायची वेळ दरवेळी चुकली. समोरच्याला यातून 'याला माझी पर्वा नाही' एवढंच दिसतं. औषधाने ही पडझड थांबली तर मैत्री टिकते.

दुसऱ्या भागालाही आडवाटेने मदत होते. इतरांना जे संकेत आपोआप कळतात, ते अनेक ऑटिस्टिक माणसं विचार करून, जुळवून शोधतात. हा आधी असं म्हणाला, आता चेहरा असा आहे, मागच्या वेळी असा चेहरा होता तेव्हा तो चिडला होता. या हिशेबाला चार-पाच गोष्टी एकदम डोक्यात धराव्या लागतात, आणि एडीएचडी नेमकी तीच ताकद कमी करतो. गोळीने ती भरून निघाली की हिशेब वेळेत पुरा होतो. काहींना गोळीने 'माणसं कळायला लागली' असं वाटतं, त्यात याचा वाटा असावा असं मला वाटतं.

मग ऑटिझम वाढल्यासारखा का वाटतो?

सर्वांत जास्त घाबरवणारा प्रश्न हाच. खोलीत मोठ्या आवाजाचा पंखा चालू असताना भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत नाही. पंखा बंद केला की ती एकदम कानावर येते. घड्याळ आधीपासून तितकंच वाजत होतं.

एडीएचडी ऑटिझमला असाच झाकतो. सतत नव्याची ओढ असल्यामुळे ठरलेल्या क्रमाची गरज नजरेआड राहते. अखंड बडबड चालू असल्यामुळे माणूस मोकळाढाकळा, मिसळणारा वाटतो. त्या बडबडीत समोरच्याला वाव किती होता, हे कुणी तपासत नाही. लक्ष सारखं उडत असल्याने ट्यूबलाइटची गुणगुण किंवा कॉलरचं लेबल फार काळ बोचत नाही. गोळीने धावपळ शांत झाली की हे सगळं वर येतं. आवाज असह्य होतात. अचानक बेत बदलला की पूर्वीपेक्षा जास्त त्रास होतो. गप्पांमध्ये बोलण्याची घाई ओसरते, आणि तिच्याखाली 'आता काय बोलायचं असतं?' हा प्रश्न होता हे दिसतं.

वर सांगितलेली आकर्षणाची गोष्टही इथे लागू होते. ऑटिझममध्ये आवडीच्या विषयात बुडून जाण्याचा कल आधीच असतो. गोळीचा असर चढताना समोर तो विषय असेल, तर लक्ष त्याच्यावरच घट्ट बसतं आणि माणसं मागे पडतात. त्याच वेळी समोर माणूस असेल, तर लक्ष त्या माणसावर बसू शकतं. एकाच घरात एका दिवशी मूल आईशी छान बोलतं आणि दुसऱ्या दिवशी हाक मारली तरी मान वर करत नाही, याचं उत्तर कधीकधी गोळी घेतल्यावर ते आधी कशाकडे वळलं यात सापडतं.

म्हणजे प्रत्येक वेळी गप्प होणं निरुपद्रवी का?

नाही. गप्प होण्याचे दोन प्रकार आहेत आणि ते वेगळे ओळखता यायलाच हवेत.

एका प्रकारात माणूस कमी बोलतो, पण आतून हजर असतो. आवडत्या गोष्टीवर चेहरा खुलतो, विनोदावर हसतो, विचारलं तर 'बरं वाटतंय, डोकं शांत आहे' असं सांगतो. दुसऱ्या प्रकारात चेहऱ्यावरचं सगळं मावळतं. आवडीच्या विषयातही रस उरत नाही, हसू येत नाही, किंवा उलट सतत चिडचिड आणि रडवेलेपण असतं. हा दुसरा प्रकार म्हणजे बहुधा मात्रा त्या माणसाच्या मधल्या पट्ट्याबाहेर गेली आहे, किंवा हे औषध त्याला मानवत नाही. डॉक्टरांना कळवण्याची गोष्ट ती हीच. मात्रा कमी केल्यावर किंवा औषध बदलल्यावर हा परिणाम सहसा जातो.

शाळेतून 'आता शांत बसतो' असा शेरा येतो आणि सगळे समाधान मानतात, याचा मला फार त्रास होतो. शांत बसलेलं मूल आणि विझलेलं मूल वर्गाच्या फळ्याजवळून सारखंच दिसतं.

अभ्यास काय सांगतात

अमेरिकेत 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ऑटिझम गटातलं निदान आणि सोबत अतिचंचलता असलेल्या 72 मुलांना मेथिलफेनिडेट दिलं गेलं. सुमारे 49 टक्के मुलांना स्पष्ट फायदा झाला. 18 टक्के मुलांना दुष्परिणामांमुळे औषध सोडावं लागलं, आणि त्यांत चिडचिडेपणा सर्वांत पुढे होता. फक्त एडीएचडी असलेल्या मुलांच्या 1999 च्या मोठ्या अभ्यासात फायदा होणाऱ्यांचं प्रमाण 70 टक्क्यांच्या आसपास होतं, आणि औषध सोडावं लागलेले दोन टक्क्यांहूनही कमी.

ऑटिझम सोबत असेल तर औषध निरुपयोगी ठरत नाही, पण ते लागू पडण्याची शक्यता कमी आणि सोसण्याची मर्यादाही कमी, असा याचा अर्थ. म्हणून अशा माणसांना अगदी कमी मात्रेने सुरुवात करून सावकाश वाढवण्याची पद्धत आहे. नेहमीच्या मात्रेपेक्षा कमी मात्राच एखाद्याला पुरते, आणि 'एवढ्याने काय होणार' म्हणून ती वाढवण्याची घाई महागात पडते.

माणसांतल्या वावरावरचा अभ्यास 2005 च्या अभ्यासातल्या मुलांपैकी 33 जणांवर झाला आणि 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. मेथिलफेनिडेट चालू असताना ही मुलं 'हे बघ' म्हणून दुसऱ्याचं लक्ष एखाद्या गोष्टीकडे स्वतःहून जास्त वेळा वेधत होती. दुसऱ्याने दाखवलेल्या गोष्टीकडेही त्यांचं लक्ष जास्त जात होतं, आणि भावना आवरणंही त्यांना थोडं सोपं झालं होतं. 33 हा आकडा लहान आहे, हे खरं. पण 'गोळीने माणसांपासून तुटतात' हे सरसकट विधान त्यापुढे टिकत नाही.

ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य मार्गदर्शक संस्थेने, नाइसने, 2018 मध्ये स्पष्ट सांगितलं की एडीएचडीसोबत ऑटिझम असणाऱ्यांनाही इतरांसारखेच औषधांचे पर्याय द्यावेत. उत्तेजक औषध सोसलं नाही तर दुसरे पर्याय आहेत. ॲटोमॉक्सेटिन नॉरएपिनेफ्रिनचं शोषण अडवतं आणि पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे घेतं. ग्वानफासिन आणि क्लोनिडिन वेगळ्या वाटेने काम करतात. त्यांनी झोप येऊ शकते, रक्तदाब उतरू शकतो.

"गोळीने माझं व्यक्तिमत्त्व बदलेल ना?"

काही जणांना तसं वाटतं, आणि ते ऐकून घेतलं पाहिजे. आयुष्यभर 'मी मनात येईल ते बोलणारा माणूस' अशी स्वतःची ओळख असते. गोळी घेतल्यावर तो वेग जातो आणि आपण अनोळखी वाटतो. मित्रही म्हणतात, 'तू पूर्वी मजेदार होतास.' पण त्या मजेदारपणाची किंमत कोण चुकवत होतं, हे मित्रांना दिसलेलं नसतं. रात्री अंथरुणावर दिवसभरातलं प्रत्येक वाक्य आठवत, 'मी हे का बोललो' म्हणत जागणारा तोच असतो. काहींना पूर्वीचा वेग हवा असतो, काहींना ही शांतता. निवड त्या माणसाची आहे.

एक धोका मात्र कमी बोलला जातो. अनेक ऑटिस्टिक माणसं इतरांसारखं दिसण्यासाठी मुखवटा घालतात: नजरेला नजर देण्याची सक्ती, हातांची हालचाल दाबणं, हसण्याच्या जागा पाठ करणं. गोळीने स्वतःवरचा ताबा वाढला की हा मुखवटा जास्त वेळ, जास्त बेमालूमपणे घालता येतो. बाहेरच्यांना वाटतं, किती सुधारणा! आत मात्र तो माणूस पार थकून जातो. लग्नाच्या गर्दीत चार तास छान वावरलेली मुलगी पुढचे दोन दिवस खोलीबाहेर येत नसेल, तर ते चार तास यशात मोजायचे नाहीत.

आणि अडचण नेहमी ऑटिस्टिक माणसाच्याच बाजूची असते, हे तरी कुठे खरं आहे? डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक समाजशास्त्रज्ञाने 2012 मध्ये मांडलं, की न कळणं दोन्हीकडून असतं: ऑटिस्टिक माणसाला इतर कळत नाहीत, तसंच इतरांनाही तो कळत नाही. 2020 मधल्या एका प्रयोगात एक गोष्ट एकाकडून दुसऱ्याकडे अशी साखळीने सांगायला लावली. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट तितकीच चांगली पोचली, जितकी सगळे बिगरऑटिस्टिक असलेल्या साखळीत. मिश्र साखळीत मात्र तपशील जास्त गळले. दोन गटांमधली ही दरी कोणत्याही गोळीने बुजत नाही. तिथे घरच्यांना आणि मित्रांनाच सरळ, स्पष्ट बोलायला शिकावं लागतं.

संध्याकाळचा घोळ

ही बाब मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण ती जवळपास कुणी सांगत नाही. कमी वेळ टिकणाऱ्या मेथिलफेनिडेटचा असर साधारण चार तास राहतो, जास्त वेळ टिकणाऱ्या प्रकारांचा आठ ते बारा तास. सकाळी घेतलेली गोळी शाळेत किंवा ऑफिसात काम करते. घरच्यांच्या वाट्याला येते ती संध्याकाळ, म्हणजे गोळी उतरण्याची वेळ. उतरताना काहींची चिडचिड, अस्वस्थता, बडबड तात्पुरती वाढते. त्यात दुपारी भूक न लागल्याने पोट रिकामं असतं आणि दिवसभर आवाज, उजेड, माणसं सोसून झालेली असतात. याच अवस्थेत आपण विचारतो, 'काय झालं शाळेत? सांग ना!' आणि उत्तराऐवजी दार आपटतं. मग निष्कर्ष निघतो की औषधाने मूल माणूसघाणं झालं.

खरं तर ते वागणं औषध ओसरतानाचं आहे. अशा वेळी आधी खायला द्यावं, अर्धा तास प्रश्न न विचारता सोडावं आणि मग बोलावं. त्यानेही भागत नसेल तर गोळीचा प्रकार किंवा वेळ बदलण्याबद्दल डॉक्टरांशी बोलता येतं.

डॉक्टरांकडे जाताना

'बरा आहे' किंवा 'गप्प झालाय' एवढ्याने डॉक्टरांना मात्रा ठरवता येत नाही. गोळी किती वाजता घेतली, गप्पपणा किंवा चिडचिड किती वाजता दिसली, त्या वेळी आजूबाजूला काय होतं, जेवण आणि झोप कशी झाली, हे आठवडाभर लिहून ठेवा. वजन आणि रक्तदाबाची नोंद तर हवीच. ज्याच्यासाठी गोळी आहे त्याला स्वतंत्रपणे विचारा, मूल लहान असलं तरी. 'गोळी घेतल्यावर डोक्यात कसं वाटतं?' हा प्रश्न अवघड जात असेल, तर 'गोंगाट कमी होतो की जास्त?' असा सोपा करून विचारा. बोलून सांगता येत नसेल तर चित्रं किंवा खुणा वापरा.

ॲटोमॉक्सेटिन सुरू असताना मुलांमध्ये किंवा किशोरवयीनांमध्ये आत्महत्येचे विचार, टोकाची निराशा दिसली तर भेटीच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, भास होणं याबाबतही तसंच.

"मित्रांना भेटायचं असेल त्या दिवशी गोळी टाळली तर?"

हा प्रश्न प्रौढ नेहमी विचारतात, आणि तो रास्त आहे. उत्तेजक औषध एक-दोन दिवसांत शरीरातून निघून जातं, त्यामुळे डॉक्टरांशी ठरवून काही जण सुटीच्या दिवशी ते घेत नाहीत. जुन्या मित्रांत बसून तोल सोडून बडबड करण्यातला आनंद त्यांना हवा असतो. इतर काहींचा अनुभव उलटा: गर्दीच्या समारंभाला गोळीशिवाय जाणं त्यांना अशक्य वाटतं, आणि त्या दिवशी गाडी चालवायची असेल तर गोळी न घेण्याचा हिशेब आणखी बदलतो. ॲटोमॉक्सेटिन, ग्वानफासिन आणि क्लोनिडिन यांना मात्र ही मुभा नाही. पहिल्याचा परिणाम रोज घेतल्यानेच साठत जातो, आणि उरलेली दोन अचानक थांबवली तर रक्तदाब एकदम चढू शकतो.